६ कोटी वर्षांची भेग

शिबला-पार्डीच्या दगडी खांबांनो,

साष्टांग नमस्कार. वयाने तुम्ही सुमारे ६ कोटी वर्षांनी वडील, म्हणून अहो-जाहो.

तुमच्या भेटीला गुहेसारखा ना दोर लागला, ना टॉर्च. झरी-जामणीकडे रस्त्यासाठी जमीन खोदली आणि तुम्ही उजेडात आलात. एखाद्या हेमाडपंती देवळाचे खांब सापडले, असंच कुणालाही वाटावं. तुमचं खरं कूळ चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी सांगितलं: स्तंभाकार बसाल्ट, लाव्ह्याचा दगड.

लाव्हा वरून गोठला आणि आतून वाहून गेला, तर मागे गुहा उरते. तुमचा लाव्हा जागीच थांबला. निवता निवता आकसला, तडकला आणि तडे आतआत उतरत गेले. सह्याद्रीत अशा लाव्ह्याच्या थरांची जाडी किलोमीटरहून अधिक. तुम्ही मात्र या थरांच्या पूर्वेच्या काठावरचे, पंगतीच्या शेवटच्या पानावरचे. तुमच्या भाऊबंदांपैकी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला इमारतींनी घेरलंय, तर उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे १९८६ सालीच जागतिक वारसा झाला. तुम्ही रस्त्यालगत. भेटायला सोपे, तसे फोडायलाही. गिट्टीसाठी काळा दगड फोडतातच.

एका खांबाच्या कडा मी बोटाने मोजल्या: सहा. शेजारच्याच्या पाच. आणि मे महिन्यातलं आमचं वावर आठवलं. पऱ्हाटी उपटून झालेली, काळी माती तडकलेली. त्या भेगांत लहानपणी माझा पाय अडकायचा. भेगांमधल्या तुकड्यांनाही अशाच पाच-सहा कडा. पाणी गेलं की माती आकसते, धग गेली की दगड. आणि ती माती तरी कुणाची? तुमच्याच जातीचा दगड झिजून झालेली. तुमच्या अंगावर कापूस पिकवून आम्ही शिकलो, आणि तुमची ओळख पटायला जेसीबी यावा लागला.

पुढच्या खेपेला बाबांना आणतो. भूगर्भशास्त्र त्यांना सांगणार नाही. ते फारसं बोलणारही नाहीत. खाली बसतील, दोन खांबांमधल्या फटीत तुराटी घालतील आणि किती खोल गेली ते पाहतील. मेमध्ये वावरात पाहतात, तसंच.

तोवर जपून असा.

आपला,
एका कापूसवाल्याचा मुलगा