दक्षिणद्वाराचे पाणी

पावसाळ्यात नृसिंहवाडीचे दत्तमंदिर नदीला वाट देते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमापाशी, घाटाच्या तळाशी हे मंदिर आहे. त्याला शिखर नाही आणि गाभाऱ्यात मूर्तीऐवजी पादुका आहेत. नृसिंह सरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, अशी परंपरा सांगते. नदी चढू लागली की पाणी उत्तरेच्या बाजूने आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. त्या दाराशी उभे राहून, पादुकांना स्पर्शून आलेल्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक दूरदुरून येतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्याची तिथी कोणत्याही पंचांगात सापडत नाही. घाटमाथ्यावर पाऊस किती झाला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती, यावर तो ठरतो. पाणी आणखी वाढले की दारच बुडते आणि सोहळा थांबतो. ओसरताना तो पुन्हा लाभतो. म्हणून वाडीत चढता आणि उतरता असे दोन दक्षिणद्वार मोजतात.

सांगलीतील चार मित्रांनी आषाढातील एका शनिवारी-रविवारी तेथे जाण्याचा बेत केला, तेव्हा तिघांच्या घरी कोणाला नवल वाटले नाही. चौथ्या घरी मात्र सुनेने दोनदा विचारून खात्री करून घेतली. ते घर हळदीच्या व्यापाऱ्याचे. मित्रमंडळी त्यांना अण्णा म्हणतात, वय एकाहत्तर. ऑगस्ट २०१९ नंतर अण्णांनी पावसाळ्यात नदी पाहिलेली नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावर जाऊन पाणी पाहणे हा सांगलीकरांचा जुना छंद. १९२९ साली बांधलेला हा पूल सगळ्या शहराची मोजपट्टी आहे: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. अण्णा मात्र त्या दिवसांत पुलावरून जायचे टाळत. जावेच लागले तर गाडीत वर्तमानपत्र उघडून बसत.

याला कारण एक नव्हे, दोन होती. हळदीची साठवण पूर्वी हरिपूरच्या पेवांत होत असे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या घट्ट मातीत खोल खड्डा घेऊन माल भरायचा आणि तोंड बंद करायचे. आत हवा शिरत नाही, म्हणून कीड लागत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती बिनभाड्याची, बिनचोरीची तिजोरीच. २००५ च्या महापुरात त्या तिजोऱ्यांत पाणी गेले. अण्णांची शेकडो पोती चिखल झाली. विमा होता, परंतु पॉलिसीत मालाचे ठिकाण म्हणून पेढीचा पत्ता लिहिलेला होता, पेवाचा नव्हता. विम्याच्या कागदावर जे ठिकाण नाही, तेथील माल विमा कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नसतो. (ज्यांचा माल दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो, त्यांनी हा कागद एकदा काढून पाहावा.) अण्णांनी ते नुकसान चौदा वर्षांत भरून काढले, आणि २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. या वेळी पेढीच बुडाली. विमा मिळाला, पण पणजोबांच्या काळापासूनच्या कीर्द-खतावण्या गेल्या.

तेव्हापासून मुलाचा आग्रह सुरू होता की पेठेतील जागा विकावी आणि मिरज रस्त्याला उंचावर गोदाम घ्यावे. गिऱ्हाईक ठरले होते, कराराचा मसुदा तयार होता. सही तेवढी राहिली होती. अण्णा नाही म्हणत नव्हते आणि सहीही करत नव्हते. मित्रांनी वाडीचा बेत केला त्यामागे हे होतेच, जरी तसे कोणी बोलले नाही.

जयसिंगपूर, शिरोळ करीत मंडळी दुपारी वाडीत पोहोचली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि कित्येक ठिकाणी उसात पाणी. वाटेत प्राध्यापक मित्राने आठवण दिली की समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात पुण्यासाठी केलेले नदीस्नान लोकमूढतेत गणले आहे. त्यावर डॉक्टर म्हणाले, "आपण स्नानाला कुठे चाललोय? आपण शेजाऱ्यांचा सण पाहायला चाललोय." विषय तेथेच मिटला. प्रत्यक्षात पावसाने चौघांनाही मोटारीतून उतरता उतरताच सचैल स्नान घातले.

वाडीच्या वांग्यांची कीर्ती फार. पण बहुबीज म्हणून चौघांच्याही घरी ती वर्ज्य, तेव्हा तिचा आस्वाद कानांनीच घ्यावा लागला. बासुंदीला तशी आडकाठी नव्हती. शिरोळ तालुक्यात जैन वस्ती मोठी असल्याने सूर्यास्तापूर्वीचे जेवण खाणावळवाल्याला समजावून सांगावे लागले नाही. त्यानेच साडेपाचला हाक मारली.

संध्याकाळी घाटावर जत्रा होती. पाणी मंदिराच्या उंबऱ्याला लागले होते, पादुकांवर अजून आले नव्हते. उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलविलेली होती. बेळगावकडची एक दिंडी अभंग म्हणत पायऱ्यांवर बसली होती, छत्र्यांखाली चहा चालला होता, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी पायऱ्या मोजून येत होता. एरवी संगमावर फिरणाऱ्या होड्या आता वर ओढून बांधलेल्या होत्या.

कापडवाले मित्र सहलीबरोबर व्हेनिसला जाऊन आले आहेत. तेथील चौकात भरतीचे पाणी शिरले की लोक फळ्यांच्या उंच वाटेवरून चालतात, दुकानदार दाराला आडवी फळी लावतात आणि धंदा चालू ठेवतात, असे त्यांनी सांगितले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे पाणी १८७ सेंटिमीटरवर गेले. १९६६ नंतरचे सर्वांत मोठे. म्हणजे सांगली बुडाल्यानंतर तीनच महिन्यांनी. त्यापुढच्या वर्षी त्यांनी समुद्राच्या तोंडाशी हलते दरवाजे चालू केले. अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांनी एवढेच विचारले, "त्यांचं पाणी उतरतं कधी?" भरती ओसरली की काही तासांत, हे उत्तर ऐकून ते म्हणाले, "मग फळी पुरते. आमचं आठवडाभर हलत नाही."

रात्री दीडच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला आणि सारी वाडी घाटाकडे धावली. म्हातारी माणसे, कडेवरची मुले, ओल्या धोतरांतले पुजारी. दिव्यांच्या उजेडात दक्षिणेच्या दारातून गढूळ पाणी जोराने बाहेर पडत होते आणि त्यात माणसे एकमेकांना हात देऊन उभी होती. तिघे मित्र गर्दीच्या कडेने खाली गेले. अण्णा सर्वांच्या चपला सांभाळत वरच थांबले. काही वेळाने तिघांनी वळून पाहिले, तर चपला एका कठड्यावर रांगेने लावलेल्या आणि अण्णा तेथे नव्हते.

ते सापडले पेढ्यांच्या एका दुकानात. तेथे सोहळा नव्हता, घाई होती. दुकानदार, त्याची बायको आणि दोन पोरे परातींतला माल माळ्यावर चढवत होती, आणि अण्णा खालून परात उचलून हातात देत होते. हिशेबी माणसाला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. दरवर्षी असेच करता का, असे त्यांनी विचारले. दुकानदार म्हणाला, "चार तासांत जेवढं उचलून हुतंय, तेवढाच माल खाली ठेवायचा बघा, काका. बाकीचं वर घरात."

"आणि एकोणीस साली?"

"तवा माणसं उचलली. गावच पाण्यात हुतं न्हवं. दिवाळीला परत कढई मांडली."

माळा जमिनीपासून किती फूट, काट्याला गंज येतो का, खवा कोठे ठेवता, हे सगळे अण्णांनी विचारून घेतले. निघताना दोन किलो पेढे घेतले आणि दुकानदार नको म्हणत असताना पूर्ण पैसे दिले.

पहाटेपर्यंत दार बुडाले. औरवाडचा जुना पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली, तेव्हा शिरोळचा रस्ता बंद होण्याआधी निघावे असे ठरले. निघण्यापूर्वी चौघे घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. हरिपूरहून खाली आलेले पाणी समोरून वाहत होते, त्यात उसाची मुळे, एक चप्पल, केळीचा खांब. अण्णांनी ते पुष्कळ वेळ पाहिले. वर्तमानपत्र गाडीतच होते.

सांगलीत शिरताना त्यांनी गाडी आयर्विन पुलावर घ्यायला सांगितली. पाणी बत्तीस फुटांवर होते. घरी पोहोचल्यावर मुलाने पेढ्यांचा पुडा घेतला आणि सवयीने मसुद्याकडे पाहिले.

"मिरज रस्त्याचं गोदाम घे," अण्णा म्हणाले, "सगळा माल तिकडे. पेठेतली जागा विकायची नाही. तिथं गादी, काटा आणि नमुन्याच्या पिशव्या."

"अण्णा, तिथं पुन्हा पाणी आलं तर?"

"चार तासांत उचलता येईल एवढंच ठेवायचं. आणि विम्याच्या कागदावर दोन्ही पत्ते लिहून घे."

गिऱ्हाईकाला नकार कळवायचे अवघड काम मुलाकडे आले. सोमवारी सकाळी तो टेप घेऊन पेढीवर गेला आणि २०१९ च्या खुणेच्या वर माळ्याला जागा उरते का, ते मोजू लागला.