पऱ्हाटीची मुंबई

आपल्या हॉस्टेलचा पोरगा फायनल इयरला मुंबईला जातो तो दोनच कारणांनी. एक तर इंटरव्ह्यू, नाहीतर लेखी परीक्षा! संध्याकाळी अमरावती एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर अंधेरी नाहीतर ठाणे आणि रात्री परतीची गाडी. आल्यावर विचारा, "काय पाह्यलं बे मुंबईत?" उत्तर ठरलेलं, "गर्दी!"

मागच्या हिवाळ्यात मलाही असाच कॉल आला. इंटरव्ह्यू दुपारी आटोपला, पण परतीचं तिकीट दुसऱ्या रात्रीचं. मुक्काम गावाकडच्या एका दादाच्या खोलीवर, खिशात मोजकेच पैसे. म्हटलं, जिवाची मुंबई नाही जमली तरी पायाची मुंबई करू!

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. ज्या जमिनीवर बसलो तीच समुद्र हटवून केलेली, हे सिव्हिलवाल्यांनी तरी पाहायलाच हवं. घरी फोन लावला.

"बाबा, समुद्र पाह्यला."

"केवढा हाय रे?"

"पाह्यलं तिकडं पाणीच पाणी."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपला कापूस तिकूनच जाये म्हणतेत. त्याचा भाव कोण ठरवते, ते पाहून ये जमलं तर."

आमचं आठ एकर कोरडवाहू. माझी फी त्याच पऱ्हाटीतून निघाली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी मुंबई पाहिली ती बाबांच्या डोळ्यांनी.

सकाळीच गेटवे ऑफ इंडिया गाठलं. 1924 मध्ये खुली झालेली ही कमान पिवळसर बेसॉल्टची आहे. बेसॉल्ट झिजूनच आपली काळी माती झाली! तिथून लाँचने तासाभरात घारापुरी. (सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.) तिथेही तोच दगड, अखंड डोंगरात कोरलेला. सुमारे 20 फुटी त्रिमूर्तीसमोर उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो.

परत येऊन ओव्हल मैदानावर केळी खात बसलो. समोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, 1878 साली पूर्ण झालेला. त्यासाठी दोन लाख रुपये दिले ते कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आईचं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्याकडचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध थांबलं तसे भाव कोसळले, मोठमोठे शेठ बुडाले. प्रेमचंदही त्यातलेच. 1867 मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, तीही बरीचशी वऱ्हाडचा कापूस बंदरावर नेण्यासाठी. म्हणजे आपण ज्या रुळांवरून इंटरव्ह्यूला जातो, त्याच वाटेनं आपल्या खापरपणज्यांच्या गाठी गेल्या!

शेवटी हार्बर लाइननं कॉटन ग्रीनला उतरलो. कापूस बाजाराची जुनी भव्य इमारत तिथे आहे. बाहेरूनच पाहिली. वाटेत एका हमालकाकांना विचारलं, "इथं कापूस कुठं मिळतो?" ते हसले, "नावातच राहिलाय बाळा." गिरणगावचंही तेच. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, आता तिथे मॉल आणि टॉवर.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर काही मला एका इमारतीत सापडलं नाही. एवढं मात्र कळलं, की भाव तेव्हाही दूरच्या युद्धानं ठरायचा आणि आजही न्यूयॉर्कच्या बाजारात काय झालं त्याचा धक्का अकोल्याच्या यार्डात बसतो. पेरणारा मात्र दोन्ही वेळा विचारण्याच्या यादीत नाही.

मित्रांनो, इंटरव्ह्यूचं काय झालं ते विचारू नका, यादी लागायची आहे. पण पुढचा जो कोणी जाईल त्यानं एक दिवस जास्तीचा काढावा. पाण्याची बाटली, पायात जुने बूट आणि लोकलचा पास एवढं पुरतं. आणि एसी केबिनमध्ये "व्हेअर आर यू फ्रॉम?" विचारलं की मान खाली घालू नका. हे शहर एकट्या कापसानं उभं केलं नसेल, पण त्याच्या पायात आपल्या पऱ्हाटीचाही वाटा आहे. तिथं आपण काही उपरे नाही. "वऱ्हाड" म्हणा, खणखणीत!