बियाची बाजू

कॅनडातल्या परवानाधारक गांजा-उद्योगात बी पेरून झाड वाढवणाऱ्या माणसाकडे जरा संशयानेच बघतात. इथली बहुतेक झाडं छाटकलमांची. एक उत्तम मादी ‘मदर’ म्हणून राखायची, तिचे शेंडे कापून त्यांना मुळं फुटू द्यायची आणि एकसारख्या शेकडो रोपांनी खोली भरायची. सगळ्यांची उंची सारखी, फुलोरा एकाच आठवड्यात, प्रयोगशाळेच्या अहवालातले आकडेही जवळजवळ तेच. वेष्टनावर नशेच्या द्रव्याचं जे प्रमाण छापायचं ते पुढच्या खेपेलाही जुळायला हवं, त्यामुळे कंपन्यांना ही पद्धत सोयीची. बियाचं तसं नसतं. एका पाकिटातल्या दहा बियांतून दहा भावंडं निघतात, आणि भावंडांपैकी कोण कसं निघेल याची हमी कोण देणार?

मी मात्र बियाच्या बाजूची. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकले, तळेगावच्या पॉलिहाऊसांत जरबेरा आणि कार्नेशन केलं आणि आता दक्षिण ऑन्टॅरिओत गांजाच्या वाणनिवडीचं काम करते. (आई गावात सांगते, ‘‘टोमॅटोच्या कंपनीत आहे.’’ अगदीच खोटं नाही. इथल्या लेमिंग्टनच्या पट्ट्यात टोमॅटो, काकडी आणि ढोबळ्या मिरचीची अफाट काचघरं आहेत, आणि त्यांतली काही कायदा बदलल्यावर गांजाकडे वळली.) कायदा बदलला 17 ऑक्टोबर 2018 रोजी. तेव्हापासून कॅनडात एका घरात चार झाडं वाढवता येतात. क्युबेकने मात्र घरच्या लागवडीवर बंदी ठेवली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जर्मनीने एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा दिली आहे. म्हणजे हे बी आता काही देशांत शेवग्याच्या किंवा मिरचीच्या बियासारखं राजरोस दुकानात मिळतं.

आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर फळ. एकबीजी, कठीण कवचाचं, मिरीपेक्षा थोडं लहान. त्याच्यावरची तपकिरी नक्षी म्हणजे फुलाच्या पातळ आवरणाचा चिकटून राहिलेला अवशेष. बोटांनी चोळलं तर ती निघून जाते आणि खाली साधं करडं कवच दिसतं. आत साधारण तीस टक्के तेल आणि पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. कुमाऊंमध्ये याच बियांची चटणी वाटतात आणि भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये हे बी खाद्य म्हणून मान्य केलं. बियात नशा नसते. मात्र तेल जास्त म्हणून ते लवकर खवट होतं आणि उबेत ठेवलं तर उगवणशक्ती गमावतं. थंड, कोरडं ठेवलेलं ताजं बी ओल आणि वीस-पंचवीस अंशांची ऊब मिळाली की काही दिवसांत फुटतं. त्यात कसलीही जादू नाही. मेथी पेरता येते त्याला हेही पेरता येईल.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गांजात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी, पपईत असतं तसं. माणसांसारखीच एक्स आणि वाय गुणसूत्रं. साध्या बियांतून निम्म्याच्या आसपास नर निघतात. ज्या राळेसाठी हे झाड लावतात ती मादीच्या फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत तयार होते, आणि परागण झालं की मादी सगळी ताकद बी भरण्याकडे वळवते. एका नरफुलात लाखो परागकण असतात. ते वाऱ्यावर जातात, कपड्यांवर बसतात, हवा खेळवणाऱ्या नळ्यांतून पलीकडच्या खोलीत पोचतात. एक नर नजरेतून सुटला की अख्खी खोली बियांनी भरते आणि तो माल कुणी घेत नाही. छाटकलमांवरच्या प्रेमाचं हेही एक कारण: मादीच्या फांदीतून मादीच निघते.

नर ओळखून काढण्याची ही विद्या कॅलिफोर्नियातल्या हिप्पींनी शोधली अशी समजूत इथे पुष्कळांची आहे. ती ऐकली की मला हसू येतं. बंगालमधल्या नावगाव भागात (आता तो बांगलादेशात आहे) ब्रिटिश काळात सरकारी परवान्याने गांजाची शेती व्हायची आणि तिथे या कामाचा धंदेवाईक जाणकार असे. त्याला परखदार किंवा पोद्दार म्हणत. इंग्रज अंमलदारांनी त्याचं नामकरण ‘गांजा डॉक्टर’ असं केलं होतं. हा माणूस फुलं नीट उमलायच्या आधीच शेतातून फिरायचा, एकेक झाड न्याहाळायचा आणि नर वेगळे काढायचा. पुढे दिवस गेले की पुन्हा फेरी, कारण काही नर उशिरा कळतात आणि मादी झाडांवरही अधूनमधून नरफुलं येतात. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने, जो पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचा संचालक झाला, 1893 मध्ये या शेतीचा तपशीलवार अहवाल लिहिला. आज मी तो वाचते तेव्हा काही उतारे आमच्या कामाच्या नियमावलीत जसेच्या तसे बसवता येतील असं वाटतं. फरक इतकाच की परखदार पेरावरची कळी बघायचा आणि आम्ही दोन-तीन पानांच्या रोपाचा टिचभर तुकडा डीएनए चाचणीला पाठवतो. वाय सापडला तर रोप बाद.

त्याच सुमारास नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने 1893-94 मध्ये देशभर साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला. मुंबई इलाख्यातला गांजा तेव्हा मुख्यतः ज्या भागातून येई त्यात नगर जिल्हा होता. मी राहुरीत, म्हणजे त्याच जिल्ह्यात, चार वर्षं पीकशास्त्र शिकले. कपाशी, ऊस, ज्वारी, सगळं शिकले. या पिकाचं नाव मात्र वर्गात निघालं ते फक्त तण म्हणून.

नर निघण्याची धास्ती आज बियाच्या व्यापारानेच पुष्कळशी संपवली आहे. दुकानात आता बहुतेक ‘फेमिनाइज्ड’ बी मिळतं, ज्यातून जवळजवळ सगळ्या माद्याच उगवतात. ही युक्ती कुणाची, हे विकणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. दिल्ली विद्यापीठात एच. वाय. मोहन राम नावाचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सपुष्प वनस्पतींत लिंग कसं ठरतं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि नर-मादी वेगळे असल्याने गांजा त्यासाठी सोयीचा. 1970 च्या सुमारास त्यांनी आणि व्ही. एस. जैस्वाल यांनी दाखवलं की इथिलीन सोडणारं रसायन दिलं तर नर झाडाला मादीफुलं येतात आणि जिबरेलिन दिलं तर मादीला नरफुलं. मग 1982 मध्ये मोहन राम आणि रीना सेट यांचा शोधनिबंध आला: चांदीच्या संयुगांनी इथिलीनचा परिणाम रोखला तर मादी झाडावर नरफुलं येतात आणि त्यांतले पराग फलनक्षम असतात. आता हिशेब बघा. ही नरफुलं मादीचीच, तेव्हा त्यांच्या परागांत वाय नाहीच. दोन्ही बाजूंनी एक्सच आला की संतती मादी. फेमिनाइज्ड बियांचा आजचा व्यापार याच तत्त्वावर उभा आहे. मोहन राम यांना त्यातून काही मिळालं असेल असं मला वाटत नाही. त्यांना प्रश्न सुटल्याशी मतलब होता. 2018 मध्ये, म्हणजे कॅनडाने कायदा बदलला त्याच वर्षी, ते गेले.

बंद खोलीत वाढवायचं ते कशासाठी? उजेडासाठी, खरं म्हणजे अंधारासाठी. रात्र पुरेशी लांबली की गांजा फुलोऱ्यावर येतो. खोलीत अठरा तास दिवे ठेवले की झाड वाढतच राहतं. बारा तास सलग अंधार दिला की एक-दोन आठवड्यांत कळ्या दिसू लागतात. तो अंधार खरा अंधार हवा. दाराच्या फटीतून रोज उजेड झिरपला तरी झाड गोंधळतं. म्हणून रात्रीच्या फेरीला आम्ही हिरवा दिवा वापरतो, झाडाला तो फारसा कळत नाही. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही; तो काळं कापड ओढून हेच करतो.

दिवसाच्या लांबीचा हा नियम पाठ्यपुस्तकांत गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकनांच्या नावावर आहे, साल 1920, झाडं तंबाखू आणि सोयाबीनची. पण त्याच्या सहा-आठ वर्षं आधी फ्रान्समध्ये ज्युलियां तूर्न्वा नावाचा तरुण संशोधक हॉप आणि गांजावर प्रयोग करत होता. (दोन्ही एकाच कुळातल्या, बिअरला कडवटपणा देणारं हॉप हे गांजाचं जवळचं नातेवाईक.) हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं वीतभर होण्याआधीच फुलतात हे त्याच्या ध्यानात आलं, आणि कारण लहान दिवसात आहे इथवर तो पोचला. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो त्यात मारला गेला. माझ्या मते या शोधावर पहिलं नाव त्याचं हवं.

उष्ण कटिबंधातल्या जुन्या वाणांची इथली अडचण याच नियमातून येते. आपल्याकडे वर्षभर दिवस अकरा ते तेरा तासांच्या मध्येच फिरतो, त्यामुळे आपली झाडं सावकाश, लांबलचक फुलोऱ्याची. ऑन्टॅरिओत उघड्यावर लावली तर फुलं पक्व होण्याआधी दव गोठतं. याच्या उलट टोकाला व्होल्गाकाठचं खुरटं रानटी झाड, 1924 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानिशेव्स्कीने ‘रुडरॅलिस’ म्हणून वर्णन केलेलं. त्याला रात्रीशी देणंघेणं नाही, वय झालं की फुलतं. त्याचं रक्त मिसळून केलेले ‘ऑटो’ वाण हौशी लोक खिडकीशी लावतात. मला ते आवडत नाहीत, पण थंड देशात उपयोगी आहेत हे मान्य.

विजेबद्दल थोडक्यात. इव्हान मिल्स या संशोधकाने 2012 मध्ये अंदाज मांडला की अमेरिकेतल्या एकूण विजेच्या सुमारे एक टक्का वीज बंद खोल्यांतल्या गांजाला लागते. 2021 च्या दुसऱ्या एका अभ्यासात एक किलो वाळक्या फुलोऱ्यामागे 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं, जागेच्या हवामानानुसार. दिवे, थंडावा, बाष्प काढणारी यंत्रं, सतत बदलती हवा. सूर्य फुकट असताना हे करणं शुद्ध उधळपट्टी आहे. चोरून करायच्या काळात भिंतींना अर्थ होता. कायदेशीर झाल्यावर काचघरात जायला हवं, आणि संशोधनापुरत्याच बंद खोल्या ठेवाव्यात, असं माझं मत मी कंपनीतही मांडते.

आता पुन्हा बियाकडे. छाटकलमांचा खेळ गेल्या काही वर्षांत अडचणीत आला तो हॉप लेटंट व्हायरॉइडमुळे. व्हायरॉइड म्हणजे विषाणूहूनही साधी वस्तू, आरएनएचं नुसतं उघडं वेटोळं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या झाडांत तो ओळखला गेला. झाड मरत नाही. खुजं राहतं, फांद्या कडकडा मोडतात, राळ घटते. मदर झाडाला लागण झाली की तिचं प्रत्येक कलम आजारी, आणि कात्रीच्या पात्यावरून तो शेजारणीकडे जातो. दिसायला ठणठणीत मदरमध्येही तो लपलेला असू शकतो. बियांतूनही तो जाऊ शकतो, तेव्हा बी म्हणजे निर्धोक असं कुणी समजू नये. तरी हजार एकसारख्या झाडांपेक्षा हजार भावंडांत एखादं तरी टिकाव धरणारं सापडण्याची आशा असते. आता मोठ्या कंपन्याही मक्यासारखे संकरित बियाण्यांचे वाण तयार करू लागल्या आहेत.

निवड करायची तर मुळात विविधता हवी, आणि ती झपाट्याने आटते आहे. 2021 मध्ये 110 नमुन्यांचे जीनोम तपासून शास्त्रज्ञांनी मांडलं की हे झाड माणसाळलं पूर्व आशियात आणि त्याचे अस्सल रानटी पूर्वज बहुधा नष्ट झालेत. आज रानात दिसतात ती शेतातून निसटलेल्या झाडांची वंशजं. हिमालयातल्या खोऱ्यांत युरोपातून आलेली संकरित बियाणी शिरली आहेत आणि वाऱ्यावरच्या परागांना गावकूस कळत नाही. लामार्कने 1785 मध्ये ज्या भारतीय झाडावरून ‘इंडिका’ हे नाव दिलं, त्या झाडाच्या स्थानिक जातींचं बी आज आपल्याच जनुकपेढ्यांत नीट साठवलेलं असायला हवं. जम्मूच्या आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेने परवाना घेऊन संशोधन सुरू केलं आहे, उत्तराखंडाने तंतूसाठी लागवडीला वाट दिली आहे. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांनी निदान एवढं करावं: रीतसर परवानगी घेऊन आपल्या भागात उरलेल्या झाडांचं बी गोळा करावं, ठिकाण आणि तारीख लिहून थंड कोठारात ठेवावं. पेरणीचं पुढचं पुढे बघता येईल.

आणि हा लेख वाचून कुणाला बी मागवावंसं वाटलं तर एक लक्षात घ्या. भारतात 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत शेंड्यांपासून वेगळं केलेलं बी गांजात मोडत नाही, पण परवान्याशिवाय झाड लावणं हा कलम 20 खाली गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. गच्चीतल्या एका कुंडीलाही त्यातून सूट नाही.