तिरपा काना

अण्णांचं अक्षर धावायचं. कबड्डीचे सामने, सर्कस, सेल, प्रचाराच्या भिंती, जिथे म्हणून लोकांना घाई करायची असे तिथे त्यांचं ते जाड, तिरपं वळण. नात्याने माझे धाकटे काका, पण गावात सगळ्यांचेच अण्णा पेंटर.

खडू लावलेला दोरा ताणून भिंतीवर टिचकी मारली की दोन आडव्या रेषा उमटत. शिरोरेषा आडवीच ठेवायची आणि प्रत्येक काना उजवीकडे कलता करायचा. ऐकायला सोपं आहे. पण कान्याबरोबर वरची वेलांटी उजवीकडे सरकते, तळाचा उकार डावीकडे, आणि दोन्ही एकाच कलात बसले नाहीत तर शब्द लंगडतो. जाड रेघेत ठ-ढची पोटं बुजतात, म्हणून आतली मोकळी जागा आधी बघायची. र तर पडायलाच टेकलेला. त्याचा पाय अण्णा जरा लांबवत. ‘तिरपं म्हणजे पडकं नव्हे,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रोमन अक्षरांना या वळणाचा वारसा आहे. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ साली अख्खं पुस्तक तिरप्या अक्षरांत छापलं. फ्रांचेस्को ग्रिफोने ती कोरली होती धावत्या हस्ताक्षरावरून. आपलं धावतं हस्ताक्षर होतं मोडी. पण छापखान्यात बालबोध, म्हणजे देवनागरी, स्थिरावली आणि अक्षराला धाववण्याचं काम बरंचसं ब्रशवाल्यांकडे आलं, असं मला वाटतं. रविवारच्या नाटकांच्या जाहिराती अण्णा कापून वहीत चिकटवत. त्यांतली अक्षरकार कमल शेडग्यांची शीर्षकं दाखवून म्हणत, ‘बघ, नाव वाचायच्या आधी नाटक कळतं.’

मग संगणक आला. त्यातला ‘मंगल’ हा र. कृ. जोशींसारख्या जाणत्या माणसाचा फाँट, पण त्यात साधं आणि ठळक एवढंच आहे. तिरप्याचं बटण दाबलं की संगणक उभंच अक्षर बाजूला ढकलतो. ठचं पोट एका कोपऱ्याकडे ओढलं जातं, रेघांची जाडी बिघडते. धावणारा माणूस आणि धक्का बसलेला माणूस यांतला फरक यंत्राला कुठून कळणार?

अण्णा गेले तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, जाड, तिरपी, अशीच ढकललेली. दुःखाला घाई नसते म्हणून शोकफलक अण्णा कायम उभ्या अक्षरांत रंगवत, आणि त्याचे पैसे घेत नसत. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांची माया खरी होती. त्यांना बोलून काय उपयोग!

शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांची अक्षरं निदान पुस्तकांत सापडतात. अण्णांची शेवटची पाटी, सायकलच्या दुकानावरची, गेल्या दिवाळीच्या रंगकामात गेली. तुमच्या गावात एखादी भिंत उरली असेल तर चुना लागायच्या आत तिचा फोटो काढा. आणि पेंटरचं नाव टिपून घ्या. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात असतं ते.