पळस झडण्यापूर्वी

फाल्गुन हा यवतमाळ जिल्ह्यात हिंडण्याचा महिना आणि नेमका तोच व्यापाऱ्याच्या वर्षअखेरीचा. हिशेब मिटवून, मुलांच्या परीक्षा आटोपून एप्रिलमध्ये मोटार बाहेर काढावी, असा बेत घरोघरी ठरतो. तोवर पळस झडलेला असतो आणि पारा चाळिशीपार गेलेला असतो. म्हणून येथील वसंतसहलीचा पहिला निर्णय स्थळाचा नसून तारखेचा आहे. होळीपूर्वीचे दोन दिवस दुकानाकडून मागून घ्यावेत.

पहिला दिवस पश्चिमेचा. दारव्हामार्गे कारंजा (लाड) सुमारे पाऊणशे किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी घातलेला ‘शकुंतले’चा अरुंद रेल्वेमार्गही यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाई. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले.

कारंजा वाशीम जिल्ह्यात मोडते. परंतु गावाची एक वेस आजही दारव्ह्याचे नाव सांगते. ही पेठ किती संपन्न होती, याची साक्ष इतिहासच देतो: सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० च्या अखेरीस मराठी फौजा येथे येऊन धडकल्या. याच गावी बलात्कारगण आणि सेनगणाची भट्टारकपीठे नांदली, आणि त्यांच्या मंदिरांतून हस्तलिखिते साठत गेली. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य १९३१ मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाने कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. अमरावतीचे प्राध्यापक हीरालाल जैन यांनीही येथील भांडारांवर परिश्रम घेतले. लुटीतून सोने गेले, पोथ्या राहिल्या. अनेक कुटुंबे मात्र दर्शन घेऊन अर्ध्या तासात परततात. मुलांना एक तरी पोथी पाहता यावी, यासाठी मंदिराच्या व्यवस्थापकांना आधी कळवून परवानगी मिळवावी. सहलीच्या तयारीत हॉटेलच्या खोलीपेक्षा हे काम मोठे.

दुसरा दिवस पूर्वेचा, आणि मोटार चालविण्याचा खरा आनंद याच दिवशी. जोडमोह्याच्या बाजूने पांढरकवड्याकडे जाताना साग निष्पर्ण उभा असतो, त्यामुळे पळसाचा केशरी रंग दुरूनच डोळ्यांत भरतो. सकाळी लवकर निघाल्यास मोहाखाली फुले वेचणाऱ्या बायका-मुले दिसतात. जवळच १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे. येथे जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला होता. परंतु टिपेश्वर याच दिवसात कोंबू नये. त्यासाठी पांढरकवड्यास एक मुक्काम वाढवावा आणि सकाळची फेरी घ्यावी. सायंकाळची फेरी चौविहार पाळणाऱ्यांना सोयीची नाही.

वणीच्या आसपास कोळशाचे ट्रक वाढतात. तेथे घाई नको. वर्धा नदी ओलांडून वरोऱ्यावरून भद्रावतीस पोहोचावे. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचे हे तीर्थ. गावालगतच विजासनची बौद्ध लेणी आणि भद्रनागाचे मंदिरही आहे. एका प्राचीन नगरीत तीन परंपरा पायी फिरण्याच्या अंतरावर सापडतात.

या दिवसांत सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास होतो. वाटेतील ढाब्यांवर कांदा-लसणावाचून जेवण मिळेलच असे नाही. दशम्या, खाकरे आणि उकळलेले पाणी घरूनच घ्यावे. वणी दुपारी तीनपूर्वी सोडली, तर आधी लेणी पाहूनही पाचच्या आत तीर्थाच्या भोजनशाळेत पंगतीला बसता येते.