शाहिराला तिकीट का नाही?

सुरतेत बमरोलीला मी शाहिरी शिकवतो. भोवताली लूमचे कारखाने आणि उधना-पांडेसरा पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटासाठी आलेली आमची खानदेशी माणसं. निवडणूक लागली की प्रचाराच्या टेम्पोवर अहिराणी गाणं हवंच असतं. माझी पोरं गातात, गर्दी जमते, मग उमेदवार माईक घेतो. पोरांच्या हातात पाकीट पडतं आणि ती खाली उतरतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही असंच झालं. बार्शीचे गिरणी कामगार अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचाच मोडला. गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि शिवराय आले, गवळण गेली आणि वगात सावकार, दलाल, पुढारी उभे राहिले. मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली, तरी गाणी थांबली नाहीत. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाची सल आहे. त्यात डांग आणि उंबरगावही येतात. दोन्ही आज गुजरातेत, बमरोलीहून दिवसभरात जाऊन यावं इतकी जवळ. लूमवर रात्रपाळी करून आलेली पोरं ही नावं गाताना एकदम सावध होतात. तिथले लोक त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतात.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुसंडी मारली. डांगे लोकसभेत गेले, आचार्य अत्रे आणि एसेम जोशी विधानसभेत. लायक माणसं होती, वाद नाही. पण ज्यांच्या आवाजावर मैदानं भरली, त्या तिघा शाहिरांपैकी एकही आमदार झाला नाही. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली दीड महिन्याच्या अंतराने गेले. अण्णा भाऊंचे अखेरचे दिवस हलाखीत सरले.

शाहिराला राजकारण कळत नाही, असं कोणी म्हटलं की मला संताप येतो. पोवाडा नीट ऐका. शाहीर चौक गातो, झीलकरी ‘जी जी’ म्हणत ओळ उचलतात, तुणतुणं सूर धरून ठेवतं. मग शाहीर डफावरचा हात आवरतो आणि बोलायला लागतो. खरी परीक्षा या बोलण्यातच असते. समोर बायाबापड्या किती, कोण कंटाळलं, आज वस्तीत कशावरून बोंब आहे, हे त्याला दोन क्षणांत ओळखावं लागतं आणि त्याच धाग्यावर पुढचा चौक चढवावा लागतो. लोकांचं मन वाचायची याहून कडक तालीम मला तरी ठाऊक नाही.

इतरांनी हे ओळखलं. उत्तर गुजरातेतल्या कनोडा गावचे महेश कनोडिया गरिबीतून, ऑर्केस्ट्रातून वर आले. पुरुषाच्या आणि बाईच्या, दोन्ही आवाजांत गायचे. भाजपने त्यांना पाटणमधून उभं केलं. १९९१, १९९६, १९९८ आणि २००४ असे चार वेळा ते खासदार झाले. पाटण तेव्हा राखीव मतदारसंघ होता, हे खरं. पण म्हणून गायकालाच उमेदवारी द्यायची सक्ती नव्हती. पांडेसऱ्यातले माझे भोजपुरी शेजारी मनोज तिवारींचं नाव अभिमानाने घेतात. ते २०१४ पासून ईशान्य दिल्लीचे खासदार आहेत.

आणि महाराष्ट्र? विधान परिषदेत राज्यपालांनी नेमायच्या बारा जागा आहेत. साहित्य, कला, समाजसेवा यांतल्या जाणत्यांसाठी राज्यघटनेनेच ही सोय केली. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेल्या यादीत आनंद शिंदे आणि चंद्रपूरकडचे अनिरुद्ध वनकर अशी दोन गायकांची नावं होती. यादी पडून राहिली, सरकार गेलं, नव्या सरकारने ती मागे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नेमणूक झाली. त्यात एकही गायक नव्हता.

पक्षाचा बिल्ला लावला की शाहीर सगळ्यांचा राहत नाही, अशी भीती माझ्या गुरुबंधूंना वाटते. मला ती पटत नाही. अमर शेख उघडपणे कम्युनिस्ट होते, म्हणून ऐकणारे कमी झाले नाहीत. भीती वाटते ती वेगळीच. गाणं भाड्याने देत राहिलो तर पोरांना आपलं असं म्हणणंच उरणार नाही. म्हणून रविवारच्या तालमीत मी आता महानगरपालिकेचं अंदाजपत्रकही वाचायला घेतो. ते गुजरातीत असतं. पोरं इथंच वाढलेली, भराभर वाचतात. आधी गटार, पाणी, शाळा यांचे आकडे काढायचे, मग त्यावर चौक बांधायचा. पुढच्या निवडणुकीत टेम्पोवर चढण्याआधी उमेदवाराने तो पोवाडा शेवटपर्यंत ऐकायचा, ही आमची अट आहे. आणि या पोरांपैकी एकाने तरी वॉर्डातून स्वतःचा अर्ज भरावा, यासाठी मी त्यांच्या घरच्यांशी बोलतो आहे.