तिरक्या रेघेवरचा उद्या

जपानमध्ये पोटाच्या कॅन्सरने वर्षाला सुमारे ५० हजार माणसं दगावत. १९७० च्या दशकात जवळपास तेवढी, १९९० च्या दशकात तेवढी आणि २०१० च्या सुमारासही तेवढीच. पण याच काळात वयाचा हिशेब धरून काढलेला मृत्युदर मात्र सतत उतरत होता. दोन्ही आकडे खरे! हे वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागेना.

उलगडा साधा आहे. देश म्हातारा होत होता. एकेका माणसाचा धोका कमी होत होता, पण धोक्याच्या वयात पोचणारी माणसं वाढत होती. म्हणून वयाची ठरावीक विभागणी असलेली एक कल्पित लोकसंख्या घेऊन दर काढतात. ती कल्पित लोकसंख्या मांडली जपानमधल्याच तोहोकू विद्यापीठाच्या मित्सुओ सेगींनी, १९६० मध्ये. आपल्या मुंबईच्या आणि बार्शीच्या कॅन्सर नोंदणीचे दरसुद्धा त्याच मापाने मोजले जातात, हे कळल्यावर तर मला कोण आनंद झाला!

पण खरी गंमत पुढेच आहे. एक तक्ता घ्या. आडवी सालं, उभी वयं, आणि चौकटीत मृत्युदर. आपण तो आडवा वाचतो, फार तर उभा. तो तिरका वाचायचा! १९८० ला पन्नाशीत, १९९० ला साठीत, २००० ला सत्तरीत: या तिन्ही चौकटींत तीच माणसं आहेत, १९३० च्या आसपास जन्मलेली. बोट तिरकं सरकवलं की एक अख्खी पिढी आपल्यासमोर म्हातारी होत जाते. शेजारच्या तिरक्या रेघेवर दहा वर्षांनी धाकटी पिढी, आणि तिचे आकडे त्याच वयाला कमी.

असं का? या कॅन्सरचं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना तो सापडला, त्याबद्दल २००५ चं नोबेल मिळालं. तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि उपचार झाले नाहीत तर दशकानुदशकं तिथेच राहतो. दुसऱ्या महायुद्धाआधी जन्मलेल्या जपानी माणसांपैकी बहुतेकांच्या पोटात तो होता. आजच्या तिथल्या किशोरांत शंभरातल्या पाचेक जणांत आढळतो. म्हणजे २००० साली सत्तरीत गेलेल्या माणसाच्या मृत्यूचं बीज १९३० च्या दशकातल्या बालपणात पडलेलं! आणि २०५० ला सत्तरीचे असणारे लोक आज चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांची रेघ निम्मी आखून झाली आहे. अंदाज बांधणारे ती फक्त पुढे नेतात. मला हे केवळ अद्भुत वाटतं.

पुढे नेतानाही किती जपतात! नॉर्वेच्या कॅन्सर नोंदणीतल्या लोकांनी नॉर्डप्रेड नावाची पद्धत बसवली. तिच्यात मागचा कल तसाच्या तसा रेटत नाहीत. जितकं दूरचं साल, तितका तो मंद करत नेतात, कारण कुठलीच घसरण त्याच वेगाने कायम टिकत नाही. आणखी एक पेच आहे: सालातून वय वजा केलं की जन्मसाल येतंच, त्यामुळे घसरणीतला किती वाटा काळाचा आणि किती पिढीचा, हे आकडे एकटे कधीच सांगू शकत नाहीत. मग जंतूची माहिती, तपासण्यांचा इतिहास, सगळं शेजारी मांडावं लागतं. फेब्रुवारी २०१३ पासून जपानने जंतूमुळे होणाऱ्या जठरदाहासाठीही तो मारण्याचे उपचार विम्यात आणले. त्याआधी काढलेल्या कुठल्याही अंदाजाला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. आता तिथले वार्षिक मृत्यू ४० हजारांच्या घरात आलेत.

मला आता मिझोरामचा तक्ता तिरका वाचायचा आहे. देशात पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या भागांत तो येतो. तिथे तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, ‘तुइबुर’, तोंडात धरण्याची सवय आहे, धुरावलेलं मांसही खाण्यात असतं. तिथल्या ऐझॉलची कॅन्सर नोंदणी २००३ पासूनची, म्हणजे रेघा अजून आखूड आहेत. तरी आजच्या चाळिशीतल्यांची रेघ त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या रेघेखाली आहे की वर, एवढं तर त्यातून कळायला हवं.